रानडे रोडचं टाइमटेबल

रानडे रोडचं काहीतरी करायला पाहिजे, हे वाक्य दादरकर माणूस आयुष्यात एकदा तरी म्हणतोच. बहुतेकदा दिवाळीच्या आधीच्या शनिवारी संध्याकाळी, एका हातात पिशव्या, दुसऱ्या हाताला पोर आणि मागे हॉर्न वाजवणारी कोणाचीतरी मोठी पांढरी गाडी असताना. आता "काहीतरी" म्हणजे काय ते माणसागणिक बदलतं. आमच्या बिल्डिंगमधले आजोबा म्हणतात फेरीवाले उठवा, बास. दुकानदार म्हणतात पार्किंग द्या, बाकी आमचं आम्ही बघतो. माझी लेक म्हणते गाड्याच बंद करा ना, सोप्पंय. आणि फुटपाथवर बसणाऱ्यांना विचारलं तर ते म्हणतात काही करू नका ताई, फक्त गाडी यायच्या आधी कोणीतरी सांगा. ही गाडी वेगळी. पालिकेची, सामान उचलून नेणारी.

मे २०२५ मध्ये मेट्रो-३ चं दादर स्टेशन सुरू झालं आणि इतकी वर्षं जे जे "मेट्रो होऊ दे, मग बघू" म्हणून पुढे ढकललं होतं ते सगळं एकदम अंगावर आलं. म्हणून मग आमच्या इथल्या काही लोकांनी मीटिंगा सुरू केल्या. रहिवासी, थोडे दुकानदार, आर्किटेक्चर शिकणारी तीन-चार मुलं. जागा कुठली तर शाळेचा वर्ग, लहान मुलांच्या बाकांवर गुडघे वर करून बसलेली साठीतली माणसं, फळ्यावर सकाळचं शुद्धलेखन तसंच.

त्या मुलांनी चित्रं आणली होती. छान होती, उगाच कशाला नावं ठेवा. रुंद फुटपाथ, दगडी फरशी, बाक, झाडांभोवती गोल कट्टे, एका रंगाच्या पाट्या. माणसंही होती चित्रात, सगळी सडपातळ, कोणाच्या हातात कॉफीचा कप तर कोणाच्या हातात कुत्र्याचा पट्टा. मी बराच वेळ बघत होते की यात खटकतंय काय, आणि मग लक्षात आलं की एकाच्याही हातात पिशवी नाहीये. रानडे रोडवर आणि पिशवी नाही? मग आलेत कशाला!

पण खरा प्रश्न विचारला तो साडीच्या दुकानातल्या काकांनी. चष्मा कपाळावर सरकवून चित्राकडे बघत म्हणाले, "हे किती वाजताचं आहे?" पोरं गोंधळली. काका म्हणाले, नाही म्हणजे माझ्या दुकानासमोर असं मोकळं सकाळी सातला असतंच, त्याला एवढा खर्च कशाला.

हसले सगळे. पण मला विचाराल तर त्या दिवशीच्या मीटिंगमध्ये कामाचं वाक्य तेवढंच होतं.

कारण रानडे रोड हा एक रस्ता नाहीच, दिवसभरात तिथे चार-पाच रस्ते येऊन जातात. पहाटे चार-साडेचारला सेनापती बापट मार्गावर फुलबाजार भरलेला असतो, केशवसुत उड्डाणपुलाच्या आसपास भाजीचे ढीग, टेम्पो उलटे लागलेले, हमाल डोक्यावर पाट्या घेऊन "बाजू, बाजू" करत पळतायत. तासा-दोन तासांनी तीच फुलं आणि तीच भाजी छोट्या छोट्या पथाऱ्यांवर गल्लीबोळांत पोचलेली असते. मग पेपरवाले, बंद शटरसमोर ओट्यावर बसून पुरवण्या आत घालतात. आठ ते साडेदहा हा रस्ता फक्त स्टेशनचा, माणसं एका दिशेला धावतात आणि कोणी मध्येच थांबलं तर मागचा धडकतो. अकराच्या सुमारास शटर वर, उदबत्ती, उंबऱ्यावर पाणी, बोहनी. दुपारी लग्नाच्या बस्त्याची गिऱ्हाइकं येतात, डोंबिवली, विरार, पनवेल, कुठकुठून, आठ-दहा जणांचं टोळकं, त्यातली एक मावशी आधीच दमलेली. आणि नेमकं तेव्हाच मालाचे टेम्पोही येतात कारण त्यांना कोणी वेळ सांगितलेलीच नाही. संध्याकाळी पाच ते नऊ काय असतं ते सांगायला नको. दहानंतर पुठ्ठे गोळा करणाऱ्या बायका, कचऱ्याची गाडी, आणि पुन्हा पहाटेचा पहिला टेम्पो.

नकाशात यातलं काहीच दिसत नाही. नकाशा जागा मोजतो. जागा तर वाढणार नाहीये, दोन्ही बाजूंना बिल्डिंगी आहेत, त्यांना मागे थोडंच सरकवणार. वाटून घ्यायला उरते ती वेळ, आणि वेळ वाटून घ्यायची सवय या शहराला नसेल तर कोणाला असेल, आपल्याकडे त्याच रुळांवरून लोकल पण जाते, मेल-एक्स्प्रेस पण जाते, मधूनच मालगाडीही जाते, आणि ८:१२ ची म्हणजे कुठली हे माणसाला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येतं. मग रस्त्यालाच टाइमटेबल का नको?

हे मी मीटिंगमध्ये बोलले तर एकांनी लगेच, "म्हणजे फेरीवाल्यांना अधिकृत करायचं म्हणताय तुम्ही." हे आमच्याकडे नेहमीचं. काहीही बोला, गाडी तिथेच येते.

बरं, ते येऊ दे. तिथेच येऊया. आमचे फुटपाथ मोजले आम्ही. मोजायला टेप कोणाकडेच नव्हती म्हणून काकांच्या दुकानातून ब्लाउजपीस मोजायची आणली, आणि दुकानातला पोरगा उकिडवा बसून मोजायला लागला. कागदावर फुटपाथ चांगला रुंद होता. मग त्यातून दुकानाची वाढवलेली पायरी वजा केली. पायरीवर ठेवलेला पुतळा वजा केला, नऊवारी नेसलेला. विजेची पेटी, झाडाचं लोखंडी कुंपण, कोणीतरी कायमची टेकवलेली स्कूटर. मग पथारी. आणि शेवटी जे उरलं त्यातून एक माणूस आडवा होऊन जाईल, दोन नाही. इंडियन रोड्स काँग्रेसचा पादचाऱ्यांसाठीचा जो कोड आहे त्यात चालायला किमान १.८ मीटर मोकळी जागा सांगितलीय, म्हणजे दोन व्हीलचेअर शेजारून जातील एवढी. आमचा पोरगा टेप गुंडाळत म्हणाला, "काका, आपली पायरीच सगळ्यात मोठी आहे." काका काही बोलले नाहीत. पण मीटिंगच्या कागदावर ते लिहून घेतलं गेलं, आणि मला वाटतं त्या दिवसापासून बोलण्याचा सूर जरा बदलला, कारण तोपर्यंत अतिक्रमण म्हणजे खाली बसलेल्या माणसाचं, असंच सगळे धरून चालले होते.

दुकानदार आणि फेरीवाले यांचं हाडवैर असतं असं बाहेरून वाटतं. आहेही आणि नाहीही. ज्या मावशी काकांच्या पायरीला टेकून गजरे विकतात त्यांची लाइट काकांच्या मीटरवरून येते, रात्री त्यांची टोपली शटरच्या आत राहते, आणि सुट्टे पैसे कोणाकडून कोणाकडे जातात ते विचारू नका. काका दुपारी जेवायला गेले की मावशीच गिऱ्हाइकाला सांगतात, आतमध्ये पैठणी आहे, बसा, येतील. पण यावरून लगेच कविता करायला नको. काकांना जीएसटी आहे, मालमत्ता कर आहे, चार नोकरांचा पगार आहे, आणि पलीकडे त्यांच्याच दुकानातल्यासारखं ड्रेस मटेरियल फुटपाथवर निम्म्या भावात टांगलेलं असतं, तेव्हा माणूस चिडणारच. आणि मागच्या गल्लीत कोणाला रात्री अटॅक आला तर अँब्युलन्स आत यायला किती वेळ लागतो हे तिथे राहणाऱ्यालाच विचारा.

कायदा या सगळ्यावर काय म्हणतो तर बरंच काही म्हणतो. २०१४ चा पथविक्रेता कायदा आहे. शहरात नगर पथविक्रेता समिती हवी, तिच्यात किमान ४० टक्के प्रतिनिधी फेरीवाल्यांनी स्वतः निवडलेले हवेत, त्यातल्या एक तृतीयांश बायका. सर्व्हे हवा, झोन हवेत. मुंबईत या समितीसाठी निवडणूक झाली ती २०२४ च्या ऑगस्टमध्ये, म्हणजे कायद्याला दहा वर्षं झाल्यावर. मधल्या काळात २०१७ मध्ये एल्फिन्स्टन रोडच्या पुलावर २९ सप्टेंबरला ती चेंगराचेंगरी झाली, २३ माणसं गेली, आणि महिनाभराने, १ नोव्हेंबरला, हायकोर्टाने सांगितलं की स्टेशनपासून १५० मीटरच्या आत फेरीवाले नकोत. त्यानंतर स्टेशनबाहेर पिवळ्या रेषा आल्या. रेषा पुसट होतात, परत मारतात, परत पुसट होतात. पण त्या २०१४ च्या कायद्याच्या परिशिष्टात एक गोष्ट आहे जिच्याकडे कोणाचंच लक्ष नसतं, त्यात टाइम शेअरिंगचा उल्लेख आहे. एकच जागा वेगवेगळ्या वेळी वेगवेगळ्या विक्रेत्यांनी कशी वापरायची ते योजनेत ठरवावं, असं सरळ लिहिलंय. म्हणजे माझं टाइमटेबल काही अगदीच डोक्यातून आलेलं नाही, संसदेने आधीच पास केलंय!

आता दुसरीकडे काय झालं ते बघू, कारण मीटिंगमध्ये कोणीतरी "परदेशात" म्हणून सुरू करतंच आणि मग अर्धा तास जातो. एवढं लांब कशाला, पुण्यात लक्ष्मी रोड आहे. तिथे २०२१ पासून ११ डिसेंबरला पादचारी दिन करतात, त्या दिवशी गाड्या बंद, लोक रस्त्याच्या मधोमध चालतात, मुलं खेळतात, दुकानदार आधी कुरकुरतात. एक दिवस का होईना. दिल्लीत चांदनी चौकाचं काम होऊन २०२१ मध्येच उद्घाटन झालं, लाल किल्ला ते फतेहपुरी मशीद, साधारण १.३ किलोमीटर. तिथे नियमच वेळेचा केला, सकाळी ९ ते रात्री ९ इंजिनवाली गाडी नाही, माल रात्री आणायचा. नियम पाळला जातो का, ते दिल्लीकरांना विचारा. पण नियम घड्याळाला बांधलाय हे मला महत्त्वाचं वाटतं, कारण "नो एंट्री" म्हटलं की दुकानदार कोर्टात जातो आणि "नऊनंतर या" म्हटलं की तो टेम्पोवाल्याला फोन करतो.

आणि आपल्याच मुंबईत दादाभाई नौरोजी रोडवर, क्रॉफर्ड मार्केटकडून फ्लोरा फाउंटनकडे जाणारा तो, नव्वदीच्या शेवटाला एक काम सुरू झालं. तिथल्या जुन्या बिल्डिंगींच्या खालून सलग कमानीतून चालता येतं, ऊन नाही पाऊस नाही, कारण त्या बांधताना प्रत्येकाने ती जागा चालणाऱ्यांसाठी सोडायची असा नियमच होता. पण कमानी दिसत नव्हत्या, एवढ्या पाट्या. आर्किटेक्ट आभा नारायण लांबा यांनी तिथल्या दुकानदारांशी, ऑफिसवाल्यांशी बोलून बोलून पाट्या कमानीच्या आत बसवायला लावल्या. रस्ता काही उकरला नाही. पाट्या, दिवे, बाक, एवढंच. २००४ मध्ये युनेस्कोच्या आशिया-पॅसिफिक वारसा पुरस्कारांत त्याची नोंद झाली. मला त्यातलं आवडतं ते हे की सुरुवात पायरी आणि पाटी अशा दुकानदाराच्या हातातल्या गोष्टींपासून केली. आपल्याकडे सुरुवात नेहमी कॉन्ट्रॅक्टरपासून होते. पेव्हर ब्लॉक काढा, पेव्हर ब्लॉक लावा.

दादरला पण काही झालंच नाही असं नाही. २०२२ च्या अखेरीस पालिकेच्या जी उत्तर वॉर्डने दादर व्यापारी संघाबरोबर व्हॅले पार्किंग सुरू केलं होतं, म्हणजे तुम्ही गाडी बाजारात दिलीत की माणूस ती कोहिनूरच्या पार्किंगमध्ये नेऊन लावणार. ऐकायला दादरला न शोभणारं वाटतं, कोणीतरी युनिफॉर्ममधला माणूस आपली वॅगन-आर घेऊन जातोय आणि आपण तेल-मीठ घ्यायला! पण विचार बरोबर होता. रस्त्याकडेला उभी गाडी काहीच विकत घेत नाही, तिच्या जागेत मात्र चार पथाऱ्या किंवा वीस माणसं मावतात. आमच्या मीटिंगांमध्ये फेरीवाल्यांवर तासन्‌तास बोलतात आणि पार्क केलेल्या गाडीवर कोणी दोन मिनिटं बोलत नाही, कारण ती गाडी बोलणाऱ्याची असते.

एक गोष्ट मात्र टाइमटेबलने सुटणार नाही आणि ती मला जास्त टोचते. रानडे रोडवर गर्दी आहे, गिऱ्हाईक कमी झालंय. बाहेरून येणाऱ्याला कळत नाही, तो म्हणतो एवढी जत्रा आहे, कसला धंदा कमी? पण जत्रा चालत असते. काकांच्या दुकानात जी बाई येते ती पदर बोटात धरून बघते, मोबाइलवर फोटो काढते, आणि "सांगते" म्हणून जाते. किराणा दहा मिनिटांत दारात येतो. जुनी दुकानं टिकलीत ती बरीचशी पागडीवर, १९४७ च्या भाडे कायद्यापासून गोठलेल्या भाड्यांवर, कोणी ते कबूल करत नाही पण महिन्याचं भाडं ऐकलंत तर हसाल. आता बिल्डिंगी रिडेव्हलपमेंटला चालल्यात. नियमाने गाळा जेवढा होता तेवढा परत मिळतो, पण तोवर दोन-चार वर्षं दुकान कुठे लावायचं? आणि नव्या टॉवरमध्ये गाळा मिळाला तरी मेंटेनन्स नवा, आणि दुकान फुटपाथला लागून असेलच असं नाही, मधे पायऱ्या, रॅम्प, सिक्युरिटीची केबिन. साठ वर्षांचं दुकान बाई जाता जाता सहज डोकावते म्हणून चालतं. ते डोकावणं गेलं की दुकान गेलं. छबिलदासच्या गल्लीत आयडियलमध्ये पुस्तक बघायला शिरावं, बाहेर येऊन वडा खावा, मग शिवाजी मंदिरला कुठलं नाटक लागलंय ते बोर्डावर वाचत उभं राहावं, यातलं काहीच ठरवून होत नाही. रस्त्याने जाताना होतं. म्हणून चालणं मोकळं हवंय मला, नुसतं दिसायला सुंदर म्हणून नाही.

त्या आर्किटेक्चरच्या मुलांमधल्या एकीने नंतर पॅट्रिक गेडिसचा विषय काढला. हा स्कॉटिश नगररचनाकार १९१९ मध्ये मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र आणि नागरिकशास्त्र शिकवायला आला, पहिला प्राध्यापक. त्याआधी हिंदुस्थानातली कितीतरी गावं पायी हिंडून त्याने त्यांचे रिपोर्ट लिहिले होते, आणि त्याचा आग्रह एकच, आधी बघा, मग कापा. शंभर वर्षांपूर्वी आपल्याच शहरात शिकवून गेलाय तो हे. पण आपली पद्धत अशी की आधी आराखडा छापायचा आणि मग लोकांनी हरकती घ्यायच्या. २०१५ च्या विकास आराखड्याच्या मसुद्यावर हजारोंनी हरकती आल्या, इतक्या चुका होत्या की मसुदा मागे घेऊन नवा करावा लागला, मंजुरीला २०१८ उजाडलं. त्यावर मार्च २०२२ मध्ये पालिकेची मुदत संपली आणि पुढे कितीतरी काळ नगरसेवकच नव्हते, प्रशासक होता. लोकांनी जायचं कोणाकडे? म्हणून मग शाळेच्या वर्गात बाकांवर बसायचं.

त्या मुलीनेच पुढे सगळ्यांना कामाला लावलं. एक मोठा कागद, उभ्या रेघा वेळेच्या, आडव्या रेघा कोण काय करतंय त्याच्या. प्रत्येकाने आपली वेळ भरायची. मावशींना बोलावलं, आधी आल्या नाहीत, म्हणाल्या आमचं नाव लिहून घेतील आणि मग गाडी पाठवतील. मग काका स्वतः घेऊन आले. एक टेम्पोवालाही आला, तो म्हणाला मला रात्री दहानंतर चालेल पण दुकानाची किल्ली कोणीतरी ठेवा. ही साधी गोष्ट आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात नव्हती की माल रात्री आला तर उतरवून घेणार कोण. पुठ्ठेवालीचं म्हणणं, दहाला आल्या गाड्या तर मी कुठे जाऊ. तिच्यासाठी अकरा केलं. दुपारी दोन ते चारच्या चौकोनात काय भरायचं विचारलं तर मावशी म्हणाल्या, "ती पडायची वेळ आहे, तिथे काही टाकू नका." तसंच लिहिलंय, पडायची वेळ. वॉर्ड ऑफिसात साहेब वाचतील तेव्हा बघू.

सकाळचं सगळं पटकन जमलं. दहापर्यंत स्टेशनच्या बाजूचा पट्टा मोकळा, पथारी नाही आणि स्कूटरही नाही. अडकलंय ते पाच ते नऊ. रहिवाशांना गाडी हवी, दुकानदारांना गिऱ्हाइकाची गाडी हवी, पथारीवाल्यांना गाडी नको पण जागा दोन्हीकडे हवी, आणि माझ्या लेकीला अजूनही सगळंच बंद हवंय. एकदा ट्रायल घेऊन बघू असं ठरलं तर एक महाशय म्हणाले सोमवारी घेऊया, सोमवारी गर्दी कमी असते. अहो, सोमवारी दादरचा बाजार बंद! अर्धी शटरं खाली असताना काय ट्रायल घेणार आणि कोणाची. तो कागद काकांच्या दुकानात गल्ल्याच्या मागे टांगलाय सध्या, पाच ते नऊच्या चौकोनात इतकं खोडलंय की कागद फाटायला आलाय. काका म्हणतात शेजारचा पायरी मागे घेणार असेल तर मी पण घेतो. शेजारचाही तेच म्हणतो.

पुढची मीटिंग सोमवारी, तेवढ्यापुरता तो बंद कामाला येतो. अजेंडा एकच, पाच ते नऊ. चहा मावशींच्या भाच्याच्या टपरीवरून येणार, आणि त्याचे पैसे कोणी द्यायचे यावर दुकानदार आणि रहिवासी यांच्यात अजून ठरायचंय.